उंदरांचा भाद्रपद

भाद्रपद लागला की मला एका जागी बसवत नाही. चहा करायला उठते, गॅस पेटवते आणि मधेच गॅलरीत जाऊन उभी राहते. दूध उतू गेल्यावर परत येते. घरच्यांना आता सवय झाली आहे. परवा ऑफिसात कुणीतरी माळ्यावरचे पिंजरे खाली काढले, नळाखाली धुतले आणि आवारात ओळीने वाळत ठेवले. या दिवसांतलं ऊन ते, आलं म्हणेपर्यंत जातं. पिंजरे ओलेच राहिले. त्या ओल्या लोखंडाचा वास खिडकीतून आत आला आणि मी अर्धी लिहिलेली ईमेल तशीच टाकून उठले.

माझं काम सांगितलं की लोक आधी हसतात. आम्ही उंदीर पकडतो. घर उंदरांपासून मोकळं करणं हा त्यातला हेतू नाही. उंदरांच्या रक्तात कोणते विषाणू फिरत आहेत ते आम्ही पाहतो, आणि मग त्याच घरातल्या, त्याच बाजारातल्या माणसांचं रक्त घेऊन, उंदरातलं माणसात आलंय का, तेही पाहतो. बहुतेक वेळा काही निघत नाही. काही निघत नाही हे वर्षानुवर्षं लिहून ठेवायचं, हेच आमचं काम. ज्या वर्षी काही निघतं त्या वर्षी आधीच्या कोऱ्या पानांचा उपयोग होतो, असं आमचे साहेब सांगतात. आणि मलाही ते पटतं.

आधी मी पुण्यात, पेठांमध्ये हे काम करायचे. शहरातला उंदीर निर्ढावलेला असतो. मंडईच्या मागच्या गटाराच्या कडेला तो आपल्याकडे बघतो, मिशा हलवतो आणि आपलं काम पुढे चालू ठेवतो. माणसंही तशीच. दार अर्धवट उघडून "आमच्याकडे नाहीत हो उंदीर," म्हणतात, आणि तेवढ्यात त्यांच्या पायामागून एक पळत जातो. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की शहरातले उंदीर काही शहरातच जन्मलेले नाहीत. कांद्याच्या गोणीतून येतात, टोमॅटोच्या क्रेटमधून येतात, आल्या टेम्पोतून परतही जातात. म्हणून तीन वर्षांपूर्वी आमची गाडी जुन्नर आणि आंबेगावकडे निघाली. तो पावसाळा माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

गाडी चालवायला आणि पिंजरे लावायला दत्ताभाऊ होते. पन्नाशीचे, मढचे. माळशेजच्या पावसात वाढलेला माणूस, त्यामुळे आमच्या छत्र्यांकडे बघून त्यांना मजा वाटायची. पुण्याहून आम्ही शेंगदाण्याची पेस्ट डब्यात भरून नेली होती, परदेशी पद्धतीप्रमाणे आमिष म्हणून. पहिल्या दोन दिवसांत एकही उंदीर सापडला नाही. तिसऱ्या दिवशी दत्ताभाऊंनी मंचरच्या स्टँडवरून कागदात गुंडाळून गरम भजी आणली, निम्मी आम्हाला दिली आणि निम्मी पिंजऱ्यांत टाकली. "म्याडम, आपल्याला जे गोड लागतं तेच त्याला लागतं. त्याला काय येगळी जीभ हाय व्हय?" दुसऱ्या दिवशी निम्मे पिंजरे भरलेले. अहवालात 'स्थानिक तळीव पदार्थ' असं लिहिताना मला फार हसू येत होतं.

निरगुडसरला पिंजरे लावत होतो तेव्हा पारावरची मंडळी उठून बघायला आली. या भागात पिंजरा म्हटलं की बिबट्याचा. उसात बिबट्या, गोठ्यात बिबट्या, शाळेच्या वाटेवर बिबट्या. वनखात्याचे मोठमोठे पिंजरे सगळ्यांनी पाहिलेले. आमचा वीतभर पिंजरा एकाने हातात घेऊन फिरवून पाहिला आणि म्हणाला, "पावणं, यात बिबट्याचं शेपूटबी मावायचं न्हाई." सगळे खो खो हसले. मीही हसले. पण नंतर गाडीत बसल्यावर वाटत राहिलं, बिबट्याचं बरं आहे, तो आला की कुत्री भुंकतात, फटाके वाजतात, माणसं काठ्या घेऊन धावतात. आम्ही ज्याच्या मागे होतो तो धान्याच्या कणगीत बसून मुततो, ते वाळतं, कुणीतरी केरसुणी फिरवतं आणि ती धूळ श्वासातून आत जाते. कुत्रं भुंकत नाही की काही नाही.

उंदीर हातात घेतल्यावर काय वाटतं, असं मला माझ्या मुलीने एकदा विचारलं होतं. दोन दोन हातमोजे, तोंडाला मास्क, डोळ्यांवर चष्मा, आणि मुठीत गुंगी आलेला तो जीव. हातमोज्यातूनही त्याच्या काळजाचे ठोके लागतात. इतके भराभर की मोजता येत नाहीत. मग मला माझेच ठोके वाढल्यासारखे वाटायचे. वजन, लांबी, रक्त, नंबर. हात चालत राहायचे आणि मन मात्र पुढच्या घरात गेलेलं असायचं.

श्रावण संपता संपता आम्ही पिंपरी पेंढारला पोचलो. तिथल्या बराखी मला अजून डोळे मिटले की दिसतात. उन्हाळी कांदा दर वाढेपर्यंत साठवायचा तो बराखीत. लाकडी पट्ट्यांच्या भिंती, वर पत्रा, खालून वारा खेळायला जागा. पावसाळ्यात त्यातला थोडा थोडा कांदा सडतो, तो रोज निवडून बाजूला काढावा लागतो. सडक्या कांद्याचा तो गोडसर, नाकात जाऊन बसणारा वास, पत्र्यावर पावसाचा आवाज, आणि मधे मधे पट्ट्यांच्या मागे खसखस. कांदा निवडायला बायका बसतात. उंदरांची घरटी त्यांच्या हाताला लागतात, त्या ती उचलून बाहेर फेकतात आणि त्याच हाताने कपाळावरचा घाम पुसतात.

या गावात आम्ही माणसांचं रक्त घ्यायचं शिबिर लावलं, देवळासमोरच्या मंडपात. आमचा एक नियम होता. ज्या घरातले उंदीर तपासलेत त्या घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांचं रक्त मिळालं तरच ते घर 'पूर्ण'. एकजण जरी राहिला तरी ते घर हिशोबातून बाद. रजिस्टरात पूर्ण घरापुढे मी हिरव्या पेनाने बरोबरची खूण करायचे. त्या हिरव्या खुणांची मला हाव सुटली होती, हे आज सरळ कबूल करते. एखादी सासू "सून आली न्हाई" म्हणाली की माझा चेहरा पडायचा, आणि तो सगळ्यांना दिसायचा.

हिराबाई तशाच एका घरातल्या. मेंढपाळांचं घर, आता शेतीही करतात. नवरा नाही, मुलगा बाळू त्या वर्षी पावसाळ्यातही मेंढरांमागे बाहेर, म्हणून आमच्या यादीत नव्हता; घरात सून सुरेखा. हिराबाईंची बराख मोठी, आणि तिथे सापडलेल्या उंदरांमध्येच आम्ही ज्याच्या शोधात होतो तो विषाणू निघाला होता. म्हणून ते घर मला पूर्ण हवंच होतं. सकाळी हिराबाई आल्या, डावा हात पुढे केला, रक्त दिलं. मी विचारलं, "मावशी, सूनबाई?" त्या म्हणाल्या, "यील की दुपारी." दुपारी मंडपात बायकांची ही गर्दी. नावं लिहून घ्यायला दुसऱ्या टेबलावर एक मुलगी, तिलाही मान वर करायला फुरसत नव्हती, तिथून चिठ्ठी घेऊन बायका माझ्याकडे यायच्या. डोक्यावरून पदर, मान खाली. सुरेखाच्या नावाची चिठ्ठी आली. मी उजव्या हाताची शीर शोधली, रक्त घेतलं, नळीवर नाव चिकटवलं. संध्याकाळी हिरवी खूण केली.

गणपती बसायच्या आदल्या दिवशी पुण्याच्या प्रयोगशाळेतून अहवाल आला. अख्ख्या गावात दोन नळ्यांमध्ये ताज्या लागणीची खूण होती. दोन्ही एकाच घरातल्या, हिराबाईंची आणि सुरेखाची. आणि सुरेखाच्या फॉर्मवर नावं लिहिणाऱ्या मुलीने लिहिलं होतं: पाचवा महिना. हा विषाणू धडधाकट माणसाला बहुतेक वेळा ताप आणि डोकेदुखी देऊन निघून जातो. पोटातल्या बाळाला मात्र तो सोडत नाही, डोळे जाऊ शकतात, मेंदूला इजा होऊ शकते. होईलच असं नाही. पण या 'नाही'वर कोण गर्भारशीण नीट झोपेल?

ते दिवस नुसते पळापळीत गेले. गावात जायचं तर गणपती, घराघरांत मोदकांच्या उकडीचा वास आणि दारात पाहुणे. आम्ही लावलेले पिंजरे बायकांनी उघडून ठेवले होते. एका घरात तर पिंजऱ्यात मोदक ठेवलेला, हळदीकुंकू वाहिलेलं. दत्ताभाऊंनी तो मोदक उचलला, बघितला, आणि परत तिथेच ठेवला. "ह्या धा दिवसांत त्याला कोन धरतंय म्याडम? बाप्पाला चालत धाडता का?" एरवी मी यावर चार जणांना सांगण्यासारखी गोष्ट रचली असती. त्या वेळी मला फक्त, हे दहा दिवस हिराबाईंच्या बराखीत उंदीर मोकळे फिरणार, एवढंच दिसत होतं.

गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्या घरी गेले. बाळू मेंढरं भावकीतल्या कुणाकडे सोपवून आला होता. ओट्यावर बसलो. सुरेखा चाळणीत बाजरी घेऊन उंबऱ्याशी बसली होती. मी ठरवून आलेली वाक्यं एका दमात म्हटली. लागण, पोटातलं बाळ, तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंना दाखवायचं, सोनोग्राफी. बाळू ऐकत होता. मग म्हणाला, "म्हंजी पोट खाली करायचं का?"

"तसं मी म्हटलेलं नाही."

"मंग काय म्हनलाव? आंधळं, येडं लेकरू हुईल म्हनलाव ना? सरळ सांगा की ताई, आमाला कळत न्हाई का?"

सुरेखाने चाळणी खाली ठेवली. ती आत निघून गेली. आतून एक भांडं पडल्याचा आवाज आला. हिराबाई इतका वेळ खांबाला टेकून होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "ते रगत तिचं न्हाई."

बाळूने मान वळवली.

"माझंच हाय. सकाळचंबी आन दुपारचंबी. दोनी बाटल्या माझ्याच." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दवाखान्यात बाईनी सांगितलं व्हतं, सुनंच्या अंगात रगत कमी हाय. आन तुमी आजून एक बाटली मागत व्हता. मागल्या साली चवथ्या महिन्यात पोर गेलं तिचं. मी कशी दिऊ? तिला म्हनलं, तुझं नाव न्हाई यादीत. आन तुमीबी लई हिरमुसला व्हता, घर आर्धं ऱ्हातंय म्हनून. म्हनलं, दिऊ आपलंच, मानूस तर एकाच घरातलं."

सुरेखा दारात येऊन उभी राहिली होती. "आत्या, एक बाटली रगतानं मी मेले आस्ते का?" "आन आता काय आयकलं मी? चार घटका काय आयकलं?"

हिराबाई म्हणाल्या, "चुकलं गं बया."

चूक त्यांची एकट्यांची नव्हती. दुपारी त्या उजवा हात पुढे करून बसल्या तेव्हा पदर सरकला होता आणि डाव्या कोपरावर कापूस चिकटलेला मला दिसला होता. मी तो पाहिला. सकाळी कुणाचं तरी रक्त घेतलंय, ही बाई आधी येऊन गेली आहे, हे कळायला शिक्षण लागत नाही. पण माझ्यामागे रांग होती, पाऊस दाटून आला होता आणि मला खूण हवी होती. मी नजर शिरेवर ठेवली. त्या ओट्यावर मी हे त्यांना सांगितलं. बाळूने माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळी साहेबांना फोन करून सांगितलं तेव्हा ते बरंच बोलले, आणि ते बरोबरच होतं. त्या शिबिरातल्या सगळ्या नळ्यांवर आता विश्वास कसा ठेवायचा, हा त्यांचा प्रश्न होता.

ओट्यावर त्या वेळी, सुटका झाली असं क्षणभर सगळ्यांना वाटलं होतं. बाळूने तर मोठ्याने श्वास सोडला. पण सुरेखाचं रक्त वाईट नाही, याचा अर्थ ते चांगलं आहे असा होत नव्हता. त्याचा अर्थ एवढाच की ते कुणी पाहिलेलंच नाही. ती त्याच घरात राहत होती, त्याच चुलीवर स्वयंपाक करत होती. मी तिथेच नवीन नळी काढली. सुरेखाने हात पुढे केला आणि सासूकडे न बघता म्हणाली, "घ्या." शीर बारीक होती, दोनदा टोचावं लागलं. हिराबाईंनी तोंड भिंतीकडे वळवलं.

मग वाट बघणं. आम्ही मंचरला राहायला घेतलेल्या खोलीत मी नमुन्यांची पेटी तीन वेळा धुतली. प्रयोगशाळेत सकाळ संध्याकाळ फोन करायचे, शेवटी तिथल्या मुलीने माझा नंबर बघून उचलणं बंद केलं. नारायणगावच्या बाजारात पोट पुढे आलेली एखादी बाई दिसली की माझी पावलं आपोआप थांबायची. कामात लक्ष लागेना. एक उंदीर हातातून निसटला आणि टेबलाखाली गेला, दत्ताभाऊंनी तो टोपीत पकडला. गणपती गेले, पितृपंधरवडा सुरू झाला, घरांच्या छपरांवर कावळ्यांसाठी घास ठेवलेले दिसायला लागले. मला सारखं वाटायचं, आम्ही गावात आलोच नसतो तर सुरेखाने निवांत बाजरी चाळली असती. आणि लगेच वाटायचं, आलो नसतो तर विषाणू काही गेला नसता, फक्त आम्हाला दिसला नसता. या दोन वाक्यांच्या मधे मी आजही अडकलेली आहे, आणि दर भाद्रपदात पुन्हा एकदा येरझाऱ्या घालते.

फोन आला तेव्हा आम्ही ओतूरच्या रस्त्यावर होतो. सुरेखाची नळी स्वच्छ होती. ताजी लागण नाही, जुनीही नाही. मी दोनदा विचारून घेतलं, नाव, वय, नंबर. "म्याडम, फोन करून सांगता की जायचं?" दत्ताभाऊंनी विचारलं. मी जाऊ म्हटलं आणि त्यांनी गाडी वळवली.

ऐकल्यावर बाळू उठून उभा राहिला, परत बसला, परत उठला. सुरेखा रडली, मग हसली, मग चहाला आधण ठेवायला आत पळाली, आणि तिला पळू नको म्हणून तिघे एकदम ओरडलो. मग सगळं उलगडलं. गर्भ राहिल्यापासून हिराबाईंनी सुनेला बराखीच्या दारातही उभं राहू दिलं नव्हतं. तिथली घाण तिच्या अंगावर नको म्हणून कांदा त्या एकट्याच निवडत होत्या, एकट्याच झाडत होत्या, उंदरांची घरटी एकट्याच काढत होत्या. रक्त न देण्याचा हट्ट आणि हा हट्ट एकाच मायेतून आलेला होता. एकाने घोटाळा केला, दुसऱ्याने बाळ राखलं.

मी सूचना देत सुटले होते. बराख कोरडी झाडायची नाही, आधी फिनाइलचं पाणी मारायचं, तोंडाला फडकं बांधायचं, सुरेखाने तिकडे फिरकायचं नाही. बाळू प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता. चहा आला. साखर अंमळ जास्तच पडली होती.

हिराबाईंनी कप हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही. त्या म्हणाल्या, "लई बरं झालं. पोरीचं लई बरं झालं." मग म्हणाल्या, "पर ताई, ते वंगाळ रगत माझं व्हतं ना? दोनी बाटल्यांतलं?"

"हो, मावशी."

"मंग मला काय झालंय?"

बाळूने आपला कप खाली ठेवला.

"सरावनात धा दिस डोकं फुटत व्हतं माझं. मान वळत नव्हती. तुमच्या मंडपात त्या पोरीनं इचारलं तवा ताप न्हाई म्हनले, आजारी मानसाचं रगत तुमी घ्यायच्या न्हाईत म्हनून. त्याच्या म्होरं कुनी इचारलंच न्हाई."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, त्या नुसत्या विचारत होत्या. गावातल्या ज्या एकाच माणसाला लागण झाल्याचं आम्हाला पक्कं ठाऊक होतं, तो माणूस माझ्यासमोर कप धरून बसला होता. बाळाचं काय होईल हे मी डॉक्टरांना विचारलं होतं, सुरेखाचं विचारलं होतं, नळ्यांचं आणि शिबिराचं विचारलं होतं. हिराबाईंना काय सांगायचं, हे मी कुणालाच विचारून आले नव्हते.